जुनी वास्तू जपणे : मोह की कर्तव्य?

बंगळुरूमध्ये विधानसौधासमोर लाल रंगाची एक लांबलचक वास्तू आहे, ‘अठारा कचेरी’. सरकारची अठरा खाती तेथे होती, म्हणून हे नाव. १८६८ मध्ये पूर्ण झालेल्या या वास्तूत आज कर्नाटक उच्च न्यायालय आहे. १९८० च्या दशकात ती पाडण्याच्या हालचाली सुरू झाल्या, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले. वास्तूचा खटला तिच्याच छताखाली चालला. ती आजही उभी आहे.

आपण विचाराल, सर्वच नश्वर आहे, तर दगडविटांसाठी इतका आटापिटा कशाला? हा मोहच नव्हे का?

प्रश्न रास्त आहे. पण पाडण्यामागची वृत्तीही तपासायला हवी. वाणिज्य शाखेत आम्ही शिकतो, की हिशेबात इमारतीवर दरवर्षी घसारा धरतात, जमिनीवर धरत नाहीत. कागदावर वास्तूची किंमत उतरत जाते आणि शहरात तिच्याखालच्या जागेचा भाव मात्र चढत जातो. मग वास्तूच अडचण वाटू लागते. याला वैराग्य कसे म्हणावे?

मोहात ‘माझे’ असते. जे आपल्या मालकीचे नाही, ते पुढच्या पिढीसाठी सांभाळणे ही विश्वस्ताची वृत्ती आहे. अर्थात, छत कोसळायला आले असेल तर माणसाचा जीव आधी. आपल्या गावातला जुना वाडा पाडायचा विषय निघाला, तर एवढेच विचारा : ही कोणाची गरज आहे, की कोणाचा लोभ?