काम आणि अधिकार

कोणत्याही व्यवस्थेत काम वरून खाली फार लवकर उतरते. अधिकार मात्र सावकाश उतरतो. परप्रांतात सरकारी सेवा बजावणाऱ्या आमच्या वाचकांना हा अनुभव नवा नाही. माहिती हाताखालच्याने जमवावी, टिपणी त्यानेच लिहावी, सही दुसऱ्याने करावी आणि पुढे काही चुकले तर जाब टिपणी लिहिणाऱ्याला विचारावा, हा क्रम सर्वांच्या परिचयाचा आहे. कचेरीत यामुळे बहुधा एखादे प्रकरण रेंगाळते. दवाखान्यात तेच माणसाच्या जिवावर बेतू शकते. म्हणून नोंदणीकृत परिचारिकेला सामान्य वैद्यकीय सेवेसाठी तयार करण्याचा जो उपक्रम इतर देशांत रुजला व आता आपल्याकडेही सुरू झाला आहे, त्याकडे केवळ सोयीचा प्रश्न म्हणून पाहता येणार नाही. तो न्यायाचाही प्रश्न आहे.

रुग्णालयातील परिचारिकेचे काम आणि फॅमिली डॉक्टरच्या दवाखान्यातील परिचारिकेचे काम यांत मूलभूत भेद आहे. वॉर्डात रोगी दाखल होतो तेव्हा बहुधा त्याच्या रोगाला नाव मिळालेले असते. नाडी, ताप, रक्तदाब पाहणे, ठरलेले औषध ठरल्या वेळी देणे, बिघाड दिसताच कळवणे ही तिची कामे कौशल्याची खरी; पण निदानाचा भार दुसऱ्याने वाहिलेला असतो. दवाखान्याच्या दारात मात्र माणूस बिननावाची तक्रार घेऊन उभा राहतो. छातीत जळजळते, चक्कर येते, मूल अंगावर पीत नाही. अशा तक्रारींपैकी पुष्कळशा किरकोळ ठरतात. परंतु एखाद्या जळजळीमागे हृदयविकार दडलेला असतो. तेव्हा या परिचारिकेला विचारपूस करण्याची आणि तपासण्याची पद्धत शिकवावी लागते, मधुमेह व रक्तदाबाच्या रोग्यांवर वर्षानुवर्षे लक्ष ठेवण्यास शिकवावे लागते. आणि सर्वांत कठीण गोष्ट म्हणजे, हे आपल्या आवाक्याबाहेरचे आहे हे वेळीच ओळखण्यास शिकवावे लागते. हे शिक्षण जितके ज्ञानाचे तितकेच विवेकाचे आहे.

हे साध्य होते काय, याचे उत्तर अनुभवाने दिले आहे. अमेरिकेत 1965 साली कोलोरॅडो विद्यापीठात लोरेटा फोर्ड या परिचारिकेने व हेन्री सिल्व्हर या बालरोगतज्ज्ञाने असे शिक्षण प्रथम सुरू केले. कॅनडातील बर्लिंग्टन या गावी 1971-72 मध्ये एका दवाखान्यातील कुटुंबे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत विभागून, एका गटाची प्राथमिक देखभाल अशा परिचारिकांकडे सोपवण्यात आली. त्यांनी शंभरांतील 67 भेटी डॉक्टरांना न विचारता निभावल्या, आणि रोग्यांच्या प्रकृतीत दोन गटांमध्ये उणेअधिक आढळले नाही. पुढे 2018 साली अशा 18 चाचण्यांचा एकत्रित आढावा घेण्यात आला, त्यातही निष्कर्ष साधारणतः हाच निघाला. परिचारिका रोग्याला अधिक वेळ देतात आणि रोगी अधिक संतुष्ट असतात, असेही त्यात दिसून आले. मात्र या 18 पैकी 17 चाचण्या श्रीमंत देशांतील होत्या, ही गोष्ट नजरेआड करून चालणार नाही.

आपल्याकडे 2018 साली दीड लाख आरोग्य केंद्रांची योजना जाहीर झाली. त्यांतील उपकेंद्रांवर नेमावयाच्या समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांसाठी परिचारिका व आयुर्वेदाचे पदवीधर यांना सहा महिन्यांचा अभ्यासक्रम ठरवण्यात आला. 2019 च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोग विधेयकाने डॉक्टर नसलेल्या काही व्यक्तींना मर्यादित परवाना देण्याची तरतूद केली, तेव्हा 31 जुलै 2019 रोजी देशातील डॉक्टरांनी काम बंद ठेवले. 'नीम हकीम खतरे जान' हा त्यांच्या आक्षेपाचा सारांश होता. त्यात धंद्याचा स्वार्थ मुळीच नव्हता असे कोण म्हणेल? तथापि एका भागात तथ्य होते. शहरातल्या माणसाला डॉक्टर आणि खेड्यातल्या माणसाला सहा महिन्यांचे शिक्षण, ही वाटणी समतेची नव्हे.

येथे आम्हांस एक भेद महत्त्वाचा वाटतो. इंग्लंडात 1966 पासून सरकारने फॅमिली डॉक्टरला मदतनिसांच्या पगाराचा 70 टक्के भाग देण्यास आरंभ केला आणि दवाखान्यादवाखान्यांतून परिचारिका आल्या. त्या डॉक्टरच्या शेजारी बसल्या. अडचण आली की विचारायला माणूस भिंतीपलीकडे होता. 2006 पासून तर त्यासाठी खास शिक्षण घेतलेल्या परिचारिकांना जवळजवळ सर्व औषधे स्वतःच्या सहीने लिहून देण्याची मुभा मिळाली. आपली परिचारिका मात्र डॉक्टर जेथे जावयास राजी नाही तेथे, त्याच्याऐवजी पाठवली जाते. रक्तदाबाची गोळी डॉक्टरने एकदा ठरवून द्यावी आणि पुढे तिने ती चालू ठेवावी, अशी रीत आहे. परंतु रात्री दारात आलेला रोगी रीत पाहून आजारी पडत नाही. त्या वेळी तिने औषध दिले तर मर्यादा ओलांडली, न दिले तर माणूस दगावला. दोन्हीकडून दोष तिच्याच पदरी.

आमच्या मते या उपक्रमाची नैतिक कसोटी शिक्षणाच्या महिन्यांत मोजता येणार नाही. ज्या कामासाठी तिला तयार केले त्या कामापुरता अधिकार तिला लेखी दिला आहे काय? तिने विचारले तर ताबडतोब उत्तर देण्यास कोणी डॉक्टर बांधलेला आहे काय? तिने पुढे पाठवलेल्या रोग्याला तेथे पोहोचण्यास वाहन आहे काय? आणि सद्‌बुद्धीने घेतलेला निर्णय चुकला तर तिच्या पाठीशी कोणी उभे राहणार आहे काय? यांची उत्तरे होकारार्थी असतील, तर परिचारिकेच्या हातची सेवा ही कोणत्याही अर्थी दुय्यम सेवा नव्हे. ती नकारार्थी असतील, तर आपण तिला शिक्षण दिले असे म्हणण्यापेक्षा आपले ओझे तिच्या डोक्यावर ठेवले, असेच म्हणावे लागेल.

यांपैकी पुष्कळशी उत्तरे दवाखान्यात ठरत नाहीत. ती कचेऱ्यांत, आदेशांच्या मसुद्यांत ठरतात. असा एखादा मसुदा आमच्या वाचकांपैकी कोणापुढे आला, तर त्याने स्वतःला इतकेच विचारावे: आपल्या घरचे आजारी माणूस या परिचारिकेच्या हाती आपण निर्धास्तपणे सोपवू काय? उत्तर देताना मन कचरले, तर उणीव तिच्यात शोधण्यापूर्वी ती मसुद्यात शोधावी.