तारुण्यांतील मोटारसायकल आणि तारुण्यांतील पाप

मननासाठीं शास्त्रभाग: स्तोत्र 25:7, मत्तय 5:23, 24, लूक 19:1-10



जुन्नर आणि आंबेगांव ह्या दोन तालुक्यांतील आपल्या गांवांत अलीकडे एक नवी आवड दिसूं लागली आहे. ज्यांचे केस पांढरे झाले, ज्यांचीं मुलें पुण्यास किंवा चाकणास नोकरीस लागलीं, असे कित्येक गृहस्थ आपल्या तारुण्यांतील मोटारसायकली गोठ्यांतून बाहेर काढून पुनः नीट करवीत आहेत. कोणाची राजदूत आहे, कोणाची बुलेट, कोणाची येझदी. एके काळीं हींच वाहनें दोहों बाजूंस दुधाचे कॅन अडकवून ओतूर, आळेफाटा, नारायणगांव, मंचर ह्या रस्त्यांवर धांवत असत. ह्या आवडींत मुळांत कांहीं वाईट नाहीं. जो मनुष्य मोडलेली वस्तु फेंकून न देतां दुरुस्त करितो, तो आपल्या उत्पन्नकर्त्याच्याच एका गुणाचें अनुकरण करितो. परंतु ह्याच कामीं प्रभूनें आम्हांस एक धडा शिकविला. त्यांत आमची लाज आहे, तशी प्रभूची कृपाहि आहे. म्हणून तो मंडळीपुढें ठेवितों.

आमची गाडी जावा होती. हें नांव दूर देशांतून आलेलें आहे. प्राग शहरांतील फ्रांतिशेक यानेचेक नांवाच्या कारखानदारानें 1929 सालीं वांडरर ह्या जर्मन कंपनीच्या मोटारसायकलीचा आराखडा घेऊन हा धंदा आरंभिला, आणि आपल्या व त्या कंपनीच्या नांवांचे पहिले अंश जोडून गाडीस नांव दिलें. 1961 सालापासून ह्या गाड्या आपल्या देशांत म्हैसूर येथें आयडियल जावा कंपनीच्या कारखान्यांत होऊं लागल्या. पुढें तेथील गाडी येझदी ह्या नांवानें निघूं लागली, आणि 1996 सालीं तो कारखाना बंद पडला. त्या गाडीस गियर टाकण्याचा व किक मारण्याचा दांडा एकच असे. तो आंत दाबून फिरविला म्हणजे तोच किकचा दांडा होई. इंजिन टू-स्ट्रोक, म्हणून पेट्रोलांतच ऑईल मिसळावें लागे. ऑईल कमी पडलें तर पिस्टन तापून सिलिंडरमध्यें चिकटे.

1976 सालीं आम्ही वीस वर्षांचे होतों. आमचे वडील निवर्तले होते, व वडील बंधूंनीं, ज्यांस आम्ही दादा म्हणतों, संसाराचा भार उचलला होता. त्या वर्षीं कांदा बरा पिकला. त्याच्या पैशांतून विहीर आणखी खोल करावी असा दादांचा बेत होता. कारण चैत्र लागला कीं तळ दिसे. परंतु आमचें शिक्षकाचें शिक्षण व्हावें म्हणून त्यांनीं विहिरीचे 2200 रुपये आमच्या हातीं दिले. आम्हीं ते घेतले, आणि त्या पैशांची एक जुनी जावा विकत घेतली. दादांस सांगितलें कीं फी भरली, आणि गाडी एका मित्राची आहे. त्या उन्हाळ्यांत विहीर आटली. वहिनी लांबच्या ओढ्यावरून डोक्यावर पाणी आणीत असतां आम्ही त्याच वाटेनें धूळ उडवीत जात होतों. हें लिहितांना आजहि हात थांबतो.

पुढें प्रभूनें आम्हांस हांक मारिली, आमचा पालट झाला, शिक्षणहि उशिरां पुरें झालें, व 1984 सालीं आम्ही परजिल्ह्यांत नोकरीस गेलों. जातांना गाडीचा पिस्टन चिकटलेला होता. तीं माळशेजच्या चढावर ऑईलाची कसर केल्याचीं फळें होतीं. गाडी दादांच्या गोठ्यांत लोटून ठेविली. त्यानंतर किती उपदेश केले, किती जणांस पश्चात्तापाचा मार्ग दाखविला! परंतु त्या 2200 रुपयांविषयीं दादांपाशीं एक शब्दहि बोललों नाहीं. देवानें क्षमा केली आहे, मग मागचें कशाला उकरावें, असें आम्हीं आपल्या मनास समजाविलें होतें.

सेवानिवृत्त होऊन गांवीं परतल्यावर दोन वर्षांपूर्वीं ती गाडी नीट करण्याची इच्छा आम्हांस झाली. गोठ्यांत गेलों तों काय पाहिलें? गाडी जुन्या गोणपाटांनीं झांकलेली, चाकें जमिनीपासून विटांवर उचललेलीं, वर पत्रा. दादा म्हणाले, "घेऊन जा. तुझीच हाये. भंगारवाले कितीदा आले. म्हटलं, धनी आला म्हंजी नेईल." आम्ही हंसलों, व गाडी टेम्पोंत घालून नारायणगांवास मिस्त्रीकडे नेली.

मिस्त्रीनें प्रथम रंगाकडे पाहिलेंच नाहीं. त्यानें टाकीचें झांकण काढून आंत उजेड पाडला. टाकी बाहेरून बरी दिसत होती. आंत मात्र गंजाचे पापुद्रे सुटले होते. त्यानें आंत डिझेल व मूठभर खडे घातले, आणि टाकी दोन दिवस हलवून हलवून धुतली. लाल चिखलासारखें पाणी निघालें. तो म्हणाला, "बाहेरून रंग दिला की गिऱ्हाईक खूश होतं, पण आतला गंज कार्बोरेटरमध्ये येऊन बसतो. मग गाडी मंचरपर्यंतसुद्धा जात नाही." बंधूंनो, प्रभु येशूनें परूश्यांस हेंच सांगितलें नाहीं काय, कीं आधीं वाटी आंतून स्वच्छ करा? आपण रविवारीं धुतलेले कपडे घालून, पवित्र शास्त्र काखेंत घेऊन मंदिरांत बसतों. लोक आपला रंग पाहतात; प्रभु झांकण काढून आंत उजेड पाडितो.

मग सिलिंडर उघडला. पिस्टन ज्या ठिकाणीं चिकटला होता तेथें भिंतीस खोल ओरखडे होते. आम्हीं विचारिलें, हे भरून काढितां येतील काय? मिस्त्री म्हणाला, गेलेलें लोखंड परत येत नाहीं. बोअर करून सिलिंडर थोडा मोठा करावा लागेल, आणि त्याच मापाचा मोठा पिस्टन बसवावा लागेल. तसा पिस्टन पुण्यास नाना पेठेंत फिरून मिळाला; एक जुना दिवा जुन्या बाजारांत सांपडला. ह्यांतहि एक सत्य आहे. तारुण्यांत जें झिजलें तें पुनः येत नाहीं. जो उन्हाळा वहिनींनीं ओढ्यावर काढिला तो त्यांस कोणी परत देऊं शकत नाहीं. योएल संदेष्टा सांगतो कीं टोळांनीं खाल्लेल्या वर्षांची भरपाई देव करितो. परंतु तो जखम झांकून भरपाई करीत नाहीं. आधीं ती पूर्ण उघडी करितो, कांठ साफ करितो, आणि मग त्या मोठ्या झालेल्या जागेस पुरेल अशी मोठी कृपा तेथें बसवितो.

आणखी एक गोष्ट. केंद्र शासनानें 2021 सालीं जुन्या वाहनांविषयीं नियम केले. पहिल्या नोंदणीस पन्नासांहून अधिक वर्षें झालेलें, आणि ज्याचा सांगाडा व इंजिन ह्यांत मोठा फेरफार झालेला नाहीं, असें वाहन व्हिंटेज म्हणून नोंदवितां येतें. त्याच्या नव्या नोंदणीची फी 20,000 रुपये ठरविली आहे. म्हणजे ह्या जगाच्या दप्तरांत जें जुनेपणानें जसेंच्या तसें राहिलें त्यास मान आहे. स्वर्गाच्या दप्तराचा नियम ह्याच्या उलट आहे. पौल करिंथकरांस लिहितो कीं जो कोणी ख्रिस्तांत आहे तो नवी उत्पत्ति आहे. तेथें मूळचा सांगाडा दाखवून कोणास प्रवेश मिळत नाहीं. "आमचें घराणें चार पिढ्यांचें ख्रिस्ती आहे" असें म्हणणारे आपल्यांत पुष्कळ आहेत. चार पिढ्यांची नोंद चांगली, परंतु नवें अंतःकरण तिच्यानें येत नाहीं.

गाडी तयार झाली. गर्द तांबडा रंग, टाकीच्या बाजूंस चकचकीत मुलामा. एकंदर खर्च 86,000 रुपये झाला. आम्ही मोठ्या अभिमानानें ती दादांच्या अंगणांत नेऊन उभी केली. दादा आतां अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. ते काठी टेकीत गाडीभोवतीं एक फेरी फिरले, टाकीवर हात फिरविला, आणि म्हणाले, "झाक झाली. माझी विहीर मात्र तेवढीच राहिली."

त्यांच्या बोलण्यांत राग नव्हता. परंतु त्या एका वाक्यानें आमचीं सगळीं वर्षें आमच्यापुढें उभीं राहिलीं. दादांस ठाऊक होतें! पुढें त्यांच्याच तोंडून कळलें कीं गाडी घेतल्यावर महिन्याच्या आंतच बाजारांत कोणीतरी त्यांस सर्व सांगितलें होतें. इतकें असून ते कधीं बोलले नाहींत. इतकें असून ज्या गाडीनें त्यांची विहीर कोरडी ठेविली, तीच गाडी त्यांनीं चाळीस वर्षें गोणपाटाखालीं जपली. आणि आम्हीं त्या लोखंडावर 86,000 रुपये घातले, पण भावाचें ऋण आठवलें नाहीं.

त्या रात्रीं आम्हीं स्तोत्र पंचविसावें उघडलें. तेथें दावीद देवाजवळ मागतो कीं माझ्या तारुण्यांतील पातकें आठवूं नको. ही प्रार्थना आम्हीं अनेकदां केली होती. पण त्या रात्रीं आमच्या ध्यानांत आलें कीं, देवानें तीं विसरावीं असें मागणें निराळें, आणि आपण स्वतःच तीं विसरून जाणें निराळें. दावीदास आपलीं पातकें आठवत होतीं, म्हणूनच तो तसें मागूं शकला. मग मत्तयाच्या पांचव्या अध्यायाकडे वळलों. वेदीजवळ दान आणिलें असतां भावाच्या मनांत आपणाविरुद्ध कांहीं आहे असें आठवलें, तर दान तेथेंच ठेवून आधीं भावाशीं समेट करावा, असें प्रभु सांगतो. आणि जक्कयानें काय केलें? प्रभु त्याच्या घरीं आला, तेव्हां त्यानें "प्रभु, तूं क्षमा केलीस, आतां हिशेब कशाला?" असें म्हटलें नाहीं. त्यानें उभें राहून चौपट परत देण्याचें वचन दिलें. परतफेड करून तारण विकत मिळत नाहीं. परंतु जेथें तारण घरांत आलें आहे तेथें परतफेड बाहेर निघते.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं आम्ही दादांच्या घरीं गेलों. वहिनी चुलीपाशीं होत्या. आम्हीं दोघांच्या पायांवर डोकें ठेवून सर्व सांगितलें. जें त्यांस ठाऊक होतें तेंहि सांगितलें, कारण आमच्या तोंडून तें निघणें अवश्य होतें. वहिनी इतकेंच म्हणाल्या, "भाऊजी, तुम्ही स्वतः सांगाल म्हणून मी वाट पाहत होते." आम्हीं पैशांचें पाकीट पुढें ठेविलें. आम्हांस वाटलें, दादा नको म्हणतील, आणि आम्ही मोठेपणानें आग्रह करूं. पण दादांनीं तें उचललें व म्हणाले, "घेतो. नाही घेतलं तर ते तुझ्याच मानेवर राहील." हेंहि क्षमेचेंच एक रूप आहे, बंधूंनो! कांहीं वेळां क्षमा करणारा घेत नाहीं, आणि अपराध्यास जन्मभर मिंधा ठेवितो. दादांनीं घेऊन आम्हांस मोकळें केलें. त्या पैशांनीं उन्हाळ्यांत विहिरींतला गाळ निघाला व ती सात फूट खोल झाली.

आतां आम्ही आपणांस विचारितों. आपल्या गोठ्यांत काय झांकून ठेविलें आहे? बांध कोरून घेतलेली हातभर जमीन? बहिणीकडून सही घेऊन बुडविलेला तिचा वाटा? सोसायटीचें कर्ज दुसऱ्याच्या नांवावर काढून फेडावयाचें राहिलेलें? तारुण्यांतील आठवणी काढणें गोड असतें. आपण पारावर बसून जुन्या गाड्यांच्या, जुन्या जत्रांच्या, जुन्या पावसाळ्यांच्या गोष्टी सांगतों. पण त्या आठवणींतून आपण ज्यांस रडविलें त्यांचीं तोंडें मात्र हळूच काढून टाकितों. असें केलें म्हणजे आठवण हीच एक रंगविलेली टाकी होते.

सुवार्तिक बंधूंनो, तुम्हांस विशेष सांगणें आहे. तुम्ही वाड्यावस्त्यांवर लोकांस पापक्षमेचा उपदेश करितां. ऐकणारे तुमचा उपदेश ऐकतात, आणि तुमच्या भावाकडेहि पाहतात. ज्या गांवांत तुमचें ऋण माहीत आहे, तेथें तुमचा गळा कितीहि गोड असो, शब्द जमिनींत उतरत नाहीं. प्रथम परत द्या, मग बोला. आणि ज्यांचें कोणीं बुडविलें आहे अशा बंधुभगिनींनो, दादांप्रमाणें वस्तु जपून ठेवा. अपराध्याची वाट बंद करूं नका. तो येईल तेव्हां त्याला खरें तें सांगा, आणि तो देईल तें घ्या.

गेल्या ईस्टरच्या सकाळीं आम्हीं ती जावा काढिली. दादा मागें बसले, एका हातानें काठी धरून आणि दुसऱ्या हातानें आमचा खांदा धरून. आम्ही मंदिरापर्यंत अगदीं सावकाश गेलों. लेंकरें गाडीच्या बरोबरीनें धांवत होतीं. वाटेंत विहीर लागते. दादांनीं खांद्यावर थाप मारून गाडी थांबविण्यास सांगितलें, विहिरींत डोकावून पाहिलें, आणि म्हणाले, "चैत्रात पाणी हाये. चल."

ज्या प्रभूनें आमचें ऋण आपल्या रक्तानें फेडिलें, तो आपणां सर्वांस भावाचें ऋण फेडण्याची बुद्धि देवो, आणि त्याची कृपा आपल्या घरांघरांत राहो. आमेन.