शेजारचा पडदा

नातू अकरावीत गेला आणि त्याला गिटारचं खूळ लागलं. आमच्या घरात वाद्य म्हणजे भजनातली वीणा, टाळ आणि पखवाज. पण पोरगं दिवसभर मोबाइलमध्ये डोकं घालून बसण्यापेक्षा हे बरं, म्हणून मी काही बोललो नाही.

उन्हाळ्यात त्या गिटारीचं काहीतरी बिनसलं. दुसऱ्या तारेवर पाचव्या पडद्यावर बोट ठेवलं की सूरच निघायचा नाही. नुसती खरखर, पत्र्यावर खडा घासल्यागत. जोरात दाबलं तर सूर यायचा, पण तो सहाव्या पडद्याचा. पाचवा दाबा नाहीतर सहावा दाबा, आवाज एकच.

"आबा, पाचवा मेला," नातू म्हणाला.

मग त्यानं जे केलं ते आपण सगळेच करतो. आधी बोटाला दोष दिला. मग तारेला दिला आणि नवी तार आणली. ती पण तिथंच अडखळली. शेवटी त्यानं घोडीखाली पुठ्ठ्याची पट्टी सारून सगळ्या तारा वर उचलल्या. खरखर गेली, पण तारा इतक्या उंच झाल्या की दाबता दाबता बोटं सोलून निघाली. चार दिवसांत त्यानं गिटार खुंटीला लावली.

मला मिरजेला काम होतं. म्हटलं, चल, दाखवू. मिरजेत तंतुवाद्यं करणारी घराणी दीडशे वर्षांहून जास्त काळ आहेत. त्यांचे पूर्वज शिकलगार, म्हणजे तलवारी-भाल्यांना धार लावणारे. हत्यारांचे दिवस सरले तसे हात सतारीकडं वळले. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. पंढरपूरकडून आलेले मोठाले भोपळे दुकानात टांगलेले होते. नातवाची गिटार तिथं पाव्हणीच.

चाचांनी आधी पुठ्ठा काढून टाकला. एका बोटानं तार पहिल्या पडद्यावर दाबली, दुसऱ्या हातानं दांडी जिथं पोटाला मिळते तिथं दाबली, आणि मधल्या सातव्या-आठव्या पडद्यावर किती फट राहते ते डोळा बारीक करून बघितलं. आम्ही पेरणीच्या ओळी बघतो तसं. म्हणाले, "दांडी अगदी सरळ असून चालत न्हाय पाव्हणं. तार मधी जास्त हलती. तिला हलायला जाड कागदाएवढी तरी जागा ठेवाय लागती." तेवढी फट होती. म्हणजे दांडीत खोट नव्हती.

मग त्यांनी बोटभर लांबीची एक सरळ लोखंडी पट्टी घेतली. चौथा, पाचवा, सहावा अशा तीन पडद्यांवर ठेवली. हलली नाही. एक घर पुढं सरकवून पाचवा, सहावा, सातवा अशी ठेवली. पट्टी सी-सॉ सारखी टकटक डुलायला लागली.

"हं. सहावा उठलाय," चाचा म्हणाले. "पाचव्याला काय झालेलं न्हाय. त्याच्यावर बोट ठेवलं की तार जाऊन सहाव्याला टेकती. मग पाचवा कसा बोलंल?"

शेजारी एक कारागीर तंबोऱ्याच्या घोडीवर कानस फिरवत बसला होता. मधेच तार छेडून झंकार ऐकायचा, पुन्हा घासायचा. नातवानं विचारलं, "चाचा, तिथं पण तार घासूनच आवाज येतोय की. तिथं चालतं, मग गिटारीला का नाही?"

चाचा हसले. "ती जवारी. तिथं तार बोलती आणि घोडी तिला साथ देती, म्हणून सूर फुलतो. तुझ्यात तार बोलायच्या आधीच तिला अडवलंय. शिवणं येगळं, अडवणं येगळं."

मी गप्प झालो. मला माझा धाकटा भाऊ आठवला.

आमचा धाकटा मुका नाही, पण भावकीत त्याला मुकाच म्हणतात. वडील गेले तेव्हा मी कर्ता झालो. दहावी शिकलेला, म्हणून कारखान्याची बिलं, सोसायटीचं कर्ज, तलाठ्याकडं हेलपाटे माझ्याकडं. त्याच्याकडं राबणं. रात्रपाळीची लाइट असली की पाणी पाजायला तोच जायचा. बैठकीत कुणी त्याला विचारलं, "तुझं काय म्हणणं?" की तो मान वर करायचा, तोंड उघडायचा, आणि वाक्य मी पुरं करायचो. "त्याचं काय असणार, माझं तेच त्याचं." लोक म्हणायचे, काय एकी आहे भावा-भावांत! पाचवा दाबा नाहीतर सहावा दाबा, आवाज एकच.

अठरा वर्षांपूर्वी वाटणी झाली. विहिरीकडची काळी मला, ओढ्याकडची चोपण त्याला. कुणी फसवलं नाही, गुंठे सारखेच होते. मी विचारलं, "चालंल न्हवं?" तो गप्प बसला. मी म्हणालो, "मग कर सही." त्यानं केली. मौन म्हणजे संमती, असं आपल्यात म्हणतातच. त्या म्हणीवर मी अठरा वर्षं निवांत झोपलो.

आता मला वाटतं, गप्प राहणाऱ्याची संमती मोजताना शेजारच्याची उंची आधी मोजावी. दोष जिथं ऐकू येतो तिथंच असतो असं नाही. आणि जो उंच असतो त्याला स्वतःची खरखर कधी ऐकू येत नाही. सहावा पडदा दाबला की सूर स्वच्छच निघतो. मग त्याला कळावं कसं?

उलट बाजू पण सांगतो. मी चाचांना विचारलं, "म्हणजे पडदा मुका झाला की नेहमी शेजारीच गुन्हेगार?" ते म्हणाले, "न्हाय न्हाय. कधी वाजवून वाजवून त्याच पडद्याला खाच पडलेली असती. तवा दोष त्याचाच. म्हणून तर पट्टी ठेवून बघायचं. कानाचं ऐकून कानस चालवू नये." हे मला पटलं. काही माणसं स्वभावानंच अबोल असतात, त्यांच्या गप्प बसण्याचं पाप दुसऱ्याच्या माथी मारणं हाही अन्यायच. पण पट्टी ठेवून बघायचे कष्ट तरी घ्यावेत. मी ते घेतले नव्हते.

चाचांनी सहावा पडदा उपटून टाकला नाही. लाकडाचा ठोकळा ठेवून हलकेच ठोकला. थोडा बसला, थोडा राहिला. मग दोन्ही बाजूंच्या लाकडाला चिकटपट्टी लावली, पडद्यावर काळी शाई फासली आणि कानस फिरवली. शाई जिथं गेली तेवढंच उंच. शेवटी त्याचा माथा पुन्हा गोल केला. चपटा ठेवला तर त्याचा स्वतःचाच सूर बिघडतो म्हणे. पाचवा स्वच्छ बोलला. नातू दुकानातच वाजवत सुटला.

त्या आठवड्यात मी ओढ्याकडच्या रानात गेलो. धाकटा बांधावर बसला होता. मी विचारलं, "वाटणीच्या वक्ताला तुला काय म्हणायचं हुतं?" आणि दातांवर दात दाबून बसलो. बराच वेळ गेला. तीनदा माझ्या तोंडाशी वाक्य आलं, तीनदा गिळलं.

मग तो म्हणाला, "विहिरीकडचा थोडा तुकडा पायजे हुता, दादा. आईनं लावलेलं आंब्याचं झाड हाय तिथं. पर आता काय त्याचं."

अठरा वर्षांत मला वाटलं होतं, तो पाण्यासाठी मनात कुढत असेल. ते झाड माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

वीस गुंठे त्याच्या नावावर करायचे ठरवलंय, झाडासकट, आणि आठवड्यातले तीन दिवस विहिरीचं पाणी. थोरला मुलगा नाराज आहे, आठ दिवस माझ्याशी बोलला नाही. आता तो गप्प आहे, तर त्याच्याही शेजारी पट्टी ठेवून बघायला हवी. कागद अजून व्हायचाय. माझं वय सहासष्ट. माझ्या स्वभावाला मी ओळखतो, उद्या पुन्हा वर उठेन. म्हणून हे इथं लिहून ठेवलं. धाकट्याला वाचता येतं.