खेळाची पंगत

देवळात महाप्रसादाला पंगत बसते. एखाद्याचे पान मुद्दाम दूर कोपऱ्यात मांडले, तर त्याचे पोट भरेल. परंतु तो पंगतीला बसला, असे कोणी म्हणणार नाही. मुलांच्या क्रीडांगणाविषयीही हाच विचार करावयास हवा.

दिव्यांग मुलांसाठी एका बाजूस निराळा झोपाळा टांगला की कर्तव्य संपले, असे पुष्कळ सज्जन मानतात. त्यांचा हेतू शुद्ध असतो. तथापि भिडू निवडणे, रुसणे, हरणे, आपला डाव येईपर्यंत थांबणे, हाच खेळाचा गाभा होय. आणि तो एकट्याला लाभत नाही.

दिव्यांग बालकांना इतरांच्या बरोबरीने खेळता यावे, हे संयुक्त राष्ट्रांच्या 2006 च्या करारात राष्ट्रांचे बंधन ठरले. भारताने 2007 मध्ये त्यास संमती दिली. 2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा त्यातूनच निघाला. तेव्हा हा विषय आता दयेचा उरला नाही. बारा फुटांत एकच फूट चढणारा उतार, चाकांची खुर्ची न रुतणारी वाट, अंध मुलाला नादावरून ओळखू येणारे खेळणे, गोंगाटाने बावरणाऱ्यासाठी जवळच निवांत जागा, एवढ्यानेही पुष्कळ साधते.

“पण अशी मुले येतात कोठे?” असा आक्षेप निघतो. पायरीनेच ज्यांची वाट अडविली, त्यांच्या गैरहजेरीचा पुरावा त्यांच्याच विरुद्ध कसा वापरावा? देवस्थानाच्या आवारात बाग आखणाऱ्या विश्वस्तांनी प्रथम ती पायरी पाहावी. मुले मागाहून येतील.