मनोरा आणि शाल

‘द ग्रेट झिगफेल्ड’ मी आधी लॅपटॉपवर पाहिला आणि कंटाळलो. पुढे एका फिल्म क्लबमध्ये मोठ्या पडद्यावर पाहिला. तीन तास तेव्हाही लांबलेच, पण तो मनोरा फिरू लागला तशी तक्रार गळून पडली.

ब्रॉडवेचा निर्माता फ्लोरेन्झ झिगफेल्ड १९३२ साली गेला, तो डोक्यावर कर्ज ठेवून. चारच वर्षांत एमजीएमने त्याच्यावर हा चित्रपट काढला. सुरुवात १८९३च्या शिकागोच्या जत्रेपासून होते. तिथे झिगफेल्ड सँडोच्या पिळदार दंडांचा खेळ लावतो. (हो, तोच सँडो; त्याच्या नावाची बनियन आपल्याकडे अजून खपते.)

मनोऱ्याचे दृश्य इर्विंग बर्लिनच्या गाण्यावर बेतलेले आहे. पायथ्याशी एक देखणा तरुण गातो. चेहरा स्टॅन्ली मॉर्नरचा, आवाज अॅलन जोन्सचा. पार्श्वगायनाला सरावलेल्या आपल्याला त्याचे काही वाटत नाही. मग पडदा सरतो आणि गोल जिन्याचा अवाढव्य मनोरा हळूहळू फिरू लागतो. व्यास ७० फूट, पायऱ्या १७५, वजन १०० टनांच्या घरात. कॅमेरा पायऱ्यांमागून पायऱ्या चढत जातो. मध्येच पुच्चिनी, मध्येच गर्श्विन. बायका नाचतात कमी, उभ्याच जास्त राहतात, आणि अगदी शिखरावर व्हर्जिनिया ब्रूस बसलेली. शेवटी वरून रेशमी पडदा उतरतो आणि सगळा डोलारा झाकून टाकतो. हे म्हणे नाट्यगृहात चालले आहे! एवढे ओझे कुठला रंगमंच पेलणार? झिगफेल्डला मानवंदना देता देता एमजीएमने, तुझ्यापेक्षा आमची ऐपत मोठी, हेही त्याला ऐकवून टाकले आहे.

मला खटकते ते पुढचे. फॅनी ब्राइस ही झिगफेल्डच्या ‘फॉलीज’ या रंगमंचीय कार्यक्रमांमधली खरीखुरी नटी, आणि इथे ती स्वतःचीच भूमिका करते. भारी पोशाख घालून मिरवायला मिळणार म्हणून ती हरखलेली असते. झिगफेल्ड तिचा सारा थाट उतरवतो आणि साधे कपडे, साधी शाल देऊन तिला गायला उभी करतो. कुठे लादायचे आणि कुठे उतरवायचे, ही या माणसाची खरी नजर. ती दाखवणारा चित्रपटातला हा एकमेव प्रसंग असेल. आणि करतात काय, तर तिचे गाणे रंगात येते न येते तोच दृश्य बदलते. मनोऱ्याला मिनिटांमागून मिनिटे, आणि फॅनी ब्राइसला एक अख्खे गाणे नाही! झिगफेल्डला कळलेले दिग्दर्शक रॉबर्ट लिओनार्डला कळले नाही.

लुइझे रायनरच्या बाबतीत मात्र ते कसे कोण जाणे जमून गेले. ती झाली आहे अ‍ॅना हेल्ड, झिगफेल्डची घटस्फोटित बायको. तो नटी बिली बर्कशी लग्न करतो, तेव्हा ही फोनवरून त्याचे अभिनंदन करते. आवाज हसरा ठेवायचा आणि रडू डोळ्यांत अडवायचे, एवढेच काम. तिचे आधीचे लाडिक नखरे मला जड जातात. या फोनपुढे ते माफ.

झिगफेल्डच्या भूमिकेत विल्यम पॉवेल झकास आहे, पण तो झिगफेल्डपेक्षा पॉवेलच जास्त वाटतो. उधारी मागतानाही देणाऱ्यावर उपकार केल्यासारखा हसतो. शेवटी मरणाच्या दारातही तो आणखी पायऱ्या हव्यात म्हणतो, तेव्हा मात्र पटते की हा माणूस असाच गेला असणार.

चित्रपटाला तीन ऑस्कर मिळाली. रायनरचे योग्यच, आणि मनोऱ्यासाठी नृत्यदिग्दर्शक सिमूर फेलिक्सला मिळालेलेही योग्य. सर्वोत्तम चित्रपटाचे मात्र त्या वर्षी स्पर्धेत असलेल्या विल्यम वायलरच्या ‘डॉड्सवर्थ’ला मिळायला हवे होते.