पोटभाडेकरीण

भंडाऱ्याच्या आमच्या कौलारू घरात, बैठकीतल्या सागवानी वाशाला एक भोक आहे. बोट जाईल एवढं. कंपासनं काढल्यासारखं गोल. त्यात भुंग्याची मादी राहते, काळी कुळकुळीत. भाडं देत नाही; रोज भुसा तेवढा पाडते, तोही नेमका माझ्या चहात.

युरोपात तिच्या केसाळ चुलतबहिणींची वसाहत पेटीत घालून टोमॅटोवाल्यांना विकतात. इथे पेटीही माझी आणि भुसाही माझ्याच वाट्याला.

"अहो, लांबी भरा त्या भोकात. छप्पर डोक्यावर येईल एक दिवस!" इति सौभाग्यवती.

गोळा मळून स्टुलावर चढलो, आणि आठवलं: ही लाकूड खात नाही. आत परागाचे लाडू ठेवते, एकेकावर अंडं घालते, मधे भुशाचा पडदा लावते. म्हणजे बाळंतिणीची खोलीच की! घर माझं, हे टॅक्सची पावती सांगते. पण कुणाला जिवंत चिणायचा हक्क तिच्यावर कुठे लिहिलाय?

कोरडं लाकूड पोखरणारा भुंगा कोवळ्या कळीत अडकतो, असं ज्ञानेश्वर सांगून गेले. माणूस लाडवांत अडकतो.

त्या लांबीनं खिडकीची काच बसवली. खुर्ची मात्र सरकवली.