न दिसणारा सांधा

मालवणकडच्या रापणीच्या जुन्या होड्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या असत. फळ्यांना भोकं पाडून, सांध्यावर काथ्या दाबून टाके आवळायचे. टाका झिजला की दिसायचा. होडीत बसणारा कुणीही बोट लावून बघे. सैल वाटला तर उसवून पुन्हा शिवत.

आता घरच्या घरी प्लायवूडची होडी करणारा चिकटवण्यावर भरवसा ठेवतो. सुतारांचा जुना सरस पाण्यात विरघळे. फर्निचरचा साधा पांढरा गम कोरड्यात घट्ट धरतो, पण भिजत राहिला की मऊ पडतो. इपॉक्सी पाण्याला टिकतं. मात्र त्याचे दोन भाग नेमक्या मापात मिसळावे लागतात. माप चुकलं की ते कच्चं राहतं.

रंग चढला की हे सगळे सांधे सारखेच दिसतात. टाक्याची परीक्षा बसणाऱ्याला करता येई. चिकटवलेल्या सांध्याचं खरं फक्त करणाऱ्यालाच ठाऊक.

कुणी म्हणेल, ''आपली होडी, आपलो जीव!'' पण खाडी ओलांडताना शेजारचं पोरगं उडी मारून आत बसतंच. ते काही सांधा विचारून बसत नाही.

म्हणून कालवलेल्या प्रत्येक इपॉक्सीत दोन तुकडे जोडून ठेवावेत. सुकल्यावर पाण्यात उकळावेत, मग मोडून बघावेत. मरीन प्लायवूडसुद्धा ७२ तास उकळून तपासतात. लाकूड फाटलं तर ठीक. सांधा सुटला, तर होडीतलाही उकलायचा, कुणी बघत नसलं तरी. पाण्याक खोटा चलना नाय.